चहा उकळावा की मुरवावा?

मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. त्याच मार्गावर, भुसावळच्या पूर्वेस, मलकापूर लागते. इथे फलाटावर काय आणि घरात काय, चहा म्हणजे दूध-साखर घालून खळखळ उकळलेला. जाणकार मात्र बजावतात, की चहा उकळू नये. मग आपण सारे इतकी वर्षे चुकतच आलो का?

हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा. १७६२ साली लिनीअसने त्या दोन जाती मानल्या होत्या. पुढे १८४० च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधील मळे पाहिले आणि फरक झाडाचा नसून प्रक्रियेचा आहे, हे सांगितले. हिरव्या चहात पाने लगेच तापवून त्यातील विकरे निष्क्रिय करतात. काळ्या चहात पाने चुरडून त्यांचे ऑक्सिडीकरण होऊ देतात.

भारतातील चहावर उपकर बसवणारा कायदा १९०३ साली झाला. त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला आणि रेल्वे स्थानके त्याची मोठी केंद्रे बनली. प्रचारकांची कृती अशी: उकळते पाणी पत्तीवर ओता, झाकून मुरवा, दूध मागाहून घाला. विक्रेत्यांनी ती मानली नाही. पत्ती महाग होती. उकळल्यावर थोड्या पत्तीतून जास्त अर्क निघे. दुधातील प्रथिने तुरट द्रव्यांना बांधून ठेवीत. पुढे १९३० साली आसाममध्ये मॅकर्चरने पान चुरडून, फाडून, वळवणारे 'सीटीसी' यंत्र बनवले. त्याची बारीक दाणेदार पत्ती लवकर रंग सोडते आणि दुधातही कडक राहते. आज भारतातील बहुतांश चहा हाच आहे.

म्हणजे कृती पत्तीप्रमाणे बदलते. सीटीसी खुशाल उकळावा. दार्जिलिंगसारख्या अखंड पानांवर उकळते पाणी ओतून तीन ते पाच मिनिटे झाकावे. हिरव्या चहासाठी पाणी सुमारे ८० अंशांपर्यंत निवू द्यावे आणि दोन-तीन मिनिटांत गाळावे, नाहीतर तो कडवट होतो.

पत्तीइतकेच महत्त्व पाण्याला. मलकापूरच्या उत्तरेस पूर्णेचे खोरे आहे. तिथल्या खारपाणपट्ट्यातील भूजल खारट असते. पाणी दुष्फेनही असेल, तर चहावर साय नसलेला तवंग येतो. तो कॅल्शियमचे क्षार आणि चहातील पॉलिफिनॉल यांचा असतो. बोल मात्र चहा करणारीला लागतो!

वर्गात हे पडताळता येईल. एका पेल्यात पावसाचे, दुसऱ्यात विहिरीचे पाणी; दोन्ही उकळून घ्यावे. पत्ती आणि वेळ सारखी, दूध नको. निवल्यावर रंग आणि तवंग पाहावा. मग दोन्हींत लिंबाचे थेंब टाकून पुन्हा पाहावे. मुलांनी आपापल्या घरच्या पाण्याचा चहा असा तपासला, तर गावातील विहिरींचा एक नकाशाच तयार होईल. आणि घरी चहा बिघडला, तर दोष कुणाला द्यायचा, हेही मुले आधी तपासून पाहतील.