रियुक्यूचें राजवस्त्र

जपानच्या दक्षिणेकडील रियुक्यू बेटांवर १४२९ पासून एक राज्य नांदत होतें. शुरी येथील त्याच्या दरबारांत 'बिंगाता' वस्त्रास मोठा मान असे; त्यांतही पिवळी भूमि राजकुळासाठींच राखलेली. कोरलेल्या कागदी साच्यावरून कापडावर तांदळाची खळ फासावयाची, मोकळ्या जागीं सोयाबीनच्या रसांत कालविलेले रंग भरावयाचे आणि शेवटीं खळ धुऊन काढावयाची, अशी ही रीति. शिरोमा, चिनेन व ताकुशी या घराण्यांनीं ती पिढ्यान् पिढ्या जतन केली.

१८७९ सालीं जपाननें तें राज्य खालसा केलें, राजाश्रय संपला. १९४५ च्या युद्धांत शुरीचा राजवाडाही भस्मसात् झाला. मग कला तरी कशी वांचावी? परंतु शिरोमा घराण्यांतील एइकी यांनीं सैन्यानें टाकलेल्या नकाशांचे कागद कोरून साचे केले, रिकाम्या काडतुसांतून खळ पिळली व फुटक्या ग्रामोफोनच्या तबकड्यांनीं ती पसरली.

२००६ सालीं शो राजकुळाच्या वस्त्रांस राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. तीं वस्त्रें आज संग्रहालयांत आहेत; विद्या मात्र कारागिरांच्या हातांत आहे. राजानें कलेस वैभव दिलें हें खरें. पण तिला जगविलें तें रंगाऱ्यानें.