‘निरुपद्रवी’ गाठ

आमच्या वहिनींच्या कानापुढच्या गाठीचा रिपोर्ट आल्यापासून भाचरे विचारताहेत, “आत्या, माल्ट लिम्फोमा म्हणजे काय गं?” मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा इतिहासच सांगते.

१८८८ साली क्योनिग्सबर्गला (आजचे रशियातले कालिनिनग्राद) योहान फॉन मिकुलिच या शल्यविशारदांनी एका ४२ वर्षांच्या शेतकऱ्याची हकिगत मांडली. त्याच्या अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी सुजल्या होत्या, पण दुखत नव्हत्या. मग काय, क्षय असो की रक्ताचा कर्करोग, अशी सूज दिसली की ‘मिकुलिच’ची पाटी लागू लागली.

१९३३ साली स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन या नेत्रतज्ज्ञांनी कोरडे डोळे, कोरडे तोंड आणि संधिवात यांची सांगड घालणारा प्रबंध लिहिला. त्याला पुरेसे गुण मिळाले नाहीत आणि विद्यापीठात शिकवण्याची वाट बंद झाली. (परीक्षकांनो, वाचताय ना?) आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखतात. यात शरीराचे रक्षक असलेल्या पांढऱ्या पेशीच ग्रंथींवर उलटतात.

१९५२ साली गॉडविन यांनी लाळग्रंथीतल्या अशा गाठींना नाव दिले, त्यात ‘बिनाइन’ म्हणजे निरुपद्रवी हा शब्द होता. मला खटकतो तो हाच शब्द. १९६४ साली टलाल आणि बुनिम यांनी शोग्रेनच्या रुग्णांत लिम्फोमा होत असल्याचे दाखवले. १९७८ च्या एका अभ्यासात हा धोका इतरांच्या ४४ पट निघाला. पुढे तो आकडा कमी भरला, पण धोका खराच ठरला.

१९८३ साली इंग्लंडमध्ये आयझॅकसन आणि राइट यांनी पोट-आतड्यांतल्या एका संथ लिम्फोमाची ओळख पटवली, हाच माल्ट. १९८८ साली आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी लाळग्रंथीतही तोच दाखवला. ‘निरुपद्रवी’ म्हणून गणलेल्या कित्येक गाठी मुळात लिम्फोमाच होत्या!

ओळखायचे कसे? नुसत्या सुजेत नाना कुळांच्या पेशी असतात, चाळीतल्या बिऱ्हाडांसारख्या. लिम्फोमात एकाच कुळाने सगळी चाळ बळकावलेली असते. पेशींवरच्या कॅपा आणि लॅम्डा या खुणांपैकी जवळजवळ एकच सगळीकडे दिसली की संशय बळावतो. वहिनींच्या सुईच्या तपासणीत ‘लिम्फ पेशी आढळल्या’ एवढेच आले होते. पोहऱ्याने पाणी काढून विहिरीचे बांधकाम थोडेच कळते? म्हणून तुकडा काढावा लागला.

आणि तो शेतकरी? २००० नंतर जपानी डॉक्टरांना मिकुलिचच्या रोगात आयजीजी-४ नावाचे प्रतिद्रव्य वाढलेले आढळले. म्हणजे त्या शेतकऱ्याला शोग्रेनचा आजारही नसेल आणि लिम्फोमाही. कदाचित तिसरेच काही असेल.