शेजारचे संकट आणि रिओहाचे मद्य

हिरडा चघळला की जीभ आखडते. अर्धेकच्चे जांभूळ खाल्ले की तोंड कोरडे पडते. आपल्या पूर्वजांनी या तुरट चवीला कषाय म्हणून षड्रसांत स्थान दिले. द्राक्षाच्या साली आणि बिया यांतही हाच रस असतो. शास्त्रज्ञ त्या द्रव्याला टॅनिन म्हणतात. हिरड्याने चामडे कमावतात ते याच द्रव्याच्या बळावर, आणि स्पेनचे तांबडे मद्य वर्षानुवर्षे टिकते त्यालाही याच द्रव्याचा मोठा आधार असतो. फराळाच्या ताटाशी या मद्याचे काही नाते नाही. पण त्याची कहाणी ऐकायला कोणाची हरकत नसावी!

स्पेनच्या उत्तरेस एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा नावाचा प्रदेश आहे. तेथील मुख्य द्राक्ष टेंप्रानिल्यो. आपल्या हळव्या भाताप्रमाणे ते लवकर पिकते, आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले. पूर्वी तेथील शेतकरी मद्य करीत ते बहुधा वर्षभरात पिऊन संपवण्यासाठी. दूरच्या प्रवासात ते टिकत नसे. लुसियानो दे मुर्रिएता या गृहस्थाने फ्रान्समधील बोर्दो येथे जाऊन ओकच्या पिंपात मद्य मुरवण्याची विद्या शिकून घेतली आणि १८५२ साली लोग्रोन्यो गावी त्या रीतीने मद्य केले. १८६३ साली हारो गावापर्यंत आगगाडीही आली. विद्या आली, वाट आली. गिऱ्हाईक तेवढे यायचे होते.

ते आले शेजाऱ्याच्या संकटामुळे. अमेरिकेतून आलेली फिलॉक्सेरा नावाची, मुळांवर जगणारी बारीक कीड १८६०च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिणेत शिरली. वेली वाळत, पण उपटून पाहावे तो सुकलेल्या वेलीवर कीड नसे, कारण ती शेजारच्या जिवंत मुळांकडे निघून गेलेली असे. १८६८ साली प्लांशाँ या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह जिवंत वेलींची मुळे तपासली, तेव्हा चोर सापडला. तोवर फार उशीर झाला होता. बोर्दोचे व्यापारी पिरेनीज पर्वत ओलांडून रिओहात मद्य खरेदी करू लागले. हारोच्या स्थानकाभोवती कोठारे उभी राहिली. त्यांपैकी १८७७ सालचे लोपेस दे एरेदिया घराण्याचे कोठार आजही चालू आहे.

परंतु शेजाऱ्याच्या आपत्तीवर उभी राहिलेली भरभराट किती दिवस पुरणार? फ्रान्सचे मळे सावरले, १८९२ साली फ्रान्सने जकात वाढवली, आणि १८९९ साली तीच कीड रिओहात उतरली. ज्या शेतकऱ्यांनी सारी जमीन द्राक्षाखाली आणली होती, त्यांच्या घरांवर काय प्रसंग आला असेल, हे ज्याची सारी भिस्त एका पिकावर असते त्याला सांगायला नको.

उपायही अमेरिकेतूनच आला. तेथील वेलींची मुळे त्या किडीला दाद देत नाहीत. म्हणून खाली अमेरिकन मूळ आणि वर आपली जात, असे कलम बांधू लागले. आपल्या नाशिक-सांगलीकडील बागांतही आज डॉगरिज या अमेरिकन मुळावर कलमे करतात. येथे मात्र कारण किडीचे नसून पाण्याच्या टंचाईचे आणि क्षारांचे आहे. रिओहाचे मळे पुन्हा उभे राहिले. १९९१ साली स्पेनमधील सर्वोच्च दर्जा या प्रदेशाच्या मद्याला सर्वांआधी मिळाला. ‘ग्रान रेसेर्वा’ म्हणवणारे मद्य निदान पाच वर्षे मुरवावे लागते, त्यांतील दोन ओकच्या पिंपात.

आता भोजनाचे. टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते, म्हणून तोंड कोरडे पडते. पण घासात मांस आणि स्निग्धता असली की ते तिकडे गुंतते आणि मद्य मऊ लागते. यासाठी कोकराचे मांस आणि मेंढीच्या दुधाचे मुरलेले चीज त्याच्या जोडीला घेतात. नाजूक चवीच्या माशाशी त्याचे जमत नाही, आणि आपल्या झणझणीत रश्श्याशी तर नाहीच. तिखटाने तुरटपणा अधिकच बोचतो. तेथील बटाट्याच्या रश्श्यात डुकराच्या मांसाचा चोरिसो असतो, आणि मिरची रंगापुरती, सौम्य. तो बटाटा आणि ती मिरचीही अमेरिकेचीच!

कोकराच्या बरगड्या तेथे द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्यांवर भाजतात. ज्या वेलीचे मद्य पेल्यात, तिच्याच काटक्या चुलीत. आणि तिचे अमेरिकन मूळ मात्र शेतात, पुढच्या हंगामाच्या तयारीत.