डॉक्टरांच्या नावावर '२०० पेपर' म्हणजे नेमकं काय? पुण्याच्या 'कुलकर्णी टेक्निक'वरून समजून घ्या

वसई-विरारमधल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चांगला युरोलॉजिस्ट सुचवा' असा मेसेज पडला की तासाभरात चार-पाच नावं येतात. हल्ली नावासोबत प्रोफाइलही येतं. इतके रिसर्च पेपर, इतका एच-इंडेक्स वगैरे. आकडा मोठा दिसला की आपण निर्धास्त होतो. पण हा आकडा नेमकं काय सांगतो?

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. पुण्याचे युरोलॉजिस्ट डॉ. संजय कुलकर्णी.

जखम, संसर्ग किंवा लायकेन स्क्लेरोसस नावाच्या त्वचारोगामुळे पुरुषांचा मूत्रमार्ग आतून आक्रसतो. डॉक्टर याला 'स्ट्रिक्चर' म्हणतात. लघवीची धार बारीक होत जाते, काही वेळा लघवी पूर्ण अडकते. आक्रसलेला भाग लांब असेल तर गालाच्या आतलं अस्तर काढून त्याचं ठिगळ मूत्रमार्गाला लावतात. (हो, गालाचंच. ते सतत ओलं राहायला सरावलेलं असतं.) इटलीचे डॉ. गुइडो बार्बाग्ली यांनी १९९०च्या दशकात हे ठिगळ मूत्रमार्गाच्या वरच्या बाजूने लावायची पद्धत मांडली. अडचण अशी होती की त्यासाठी मूत्रमार्ग चहूबाजूंनी सोडवावा लागायचा आणि त्यात त्याच्या रक्तपुरवठ्याला धक्का बसायचा.

कुलकर्णींनी तो एकाच बाजूने सोडवला. दुसरी बाजू जागच्या जागी राहिली आणि तिथला रक्तपुरवठाही टिकला. ही पद्धत २००९ मध्ये 'बीजेयू इंटरनॅशनल' या जर्नलमध्ये छापून आली, सहलेखकांमध्ये खुद्द बार्बाग्ली होते. त्या पेपरमध्ये रुग्ण होते फक्त २४. त्यातल्या २२ जणांचं ऑपरेशन यशस्वी ठरलं, म्हणजे ९२ टक्के. सरासरी पाठपुरावा २२ महिन्यांचा.

खरी गंमत पुढे आहे. २०१२ मध्ये 'जर्नल ऑफ युरोलॉजी'त त्यांचा दुसरा पेपर आला. यावेळी जवळपास संपूर्ण मूत्रमार्ग आक्रसलेले ११७ रुग्ण होते आणि पाठपुरावा साधारण ५९ महिन्यांचा. यश ८३.७ टक्के. पहिल्यांदाच अशी शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये ८६.५ टक्के, आधीची शस्त्रक्रिया फसलेल्यांमध्ये ६१.५ टक्के.

टक्का घसरला, तरी मला हा दुसरा पेपर जास्त मोलाचा वाटतो. रुग्ण जास्त, काळ मोठा, आणि कुठे कमी यश आलं तेही उघड मांडलेलं. आज जगभरचे सर्जन या पद्धतीला 'कुलकर्णी टेक्निक' म्हणतात. अर्थात हे दोन्ही पेपर पद्धत शोधणाऱ्यांचेच आहेत, त्यामुळे इतर हॉस्पिटलांचे निकालही पाहायला हवेत.

मग एच-इंडेक्स काय असतो? ही कल्पना २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. तुमच्या २० पेपरांचा इतर संशोधकांनी प्रत्येकी किमान २० वेळा संदर्भ दिला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स २०. एखाद्या पेपरचा हजार वेळा उल्लेख झाला तरी या मोजणीत तो एकच पेपर धरला जातो. स्वतःच स्वतःचे संदर्भ दिले तरी आकडा फुगू शकतो. गूगल स्कॉलर आणि स्कोपस यांचे आकडेही जुळत नाहीत, कारण गूगल स्कॉलर प्रबंधांपासून बरंच काही मोजतं.

आणि आपल्याकडची खास भानगड म्हणजे आडनावं. पबमेडवर 'कुलकर्णी एस' शोधलं तर संजय, सुनील, स्मिता असे सगळेच एकत्र येतात! त्यामुळे 'याच डॉक्टरांचे इतके पेपर' म्हणताना दुसऱ्याचेही मोजले जाऊ शकतात. यावर उपाय म्हणून २०१२ पासून संशोधकांना 'ऑर्किड' हा स्वतंत्र क्रमांक मिळतो. प्रोफाइलवर तो दिसला तर यादी पडताळणं सोपं जातं.

पेपर जास्त म्हणजे हात चांगला, असंही नाही. एकही पेपर न लिहिलेले उत्तम सर्जन असतात. तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना थेट विचारा: हेच ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय, आणि किती जणांना त्रास पुन्हा झाला?

पेपर पाहायचाच असेल तर पबमेडवर सारांश फुकट वाचता येतो. त्यात आधी तीन गोष्टी शोधा: रुग्ण किती, पाठपुरावा किती काळ, आणि ज्यांचं ऑपरेशन फसलं त्यांच्याबद्दल काय लिहिलंय.