एका नावाखाली दोन आजार: रक्त गोठण्याच्या चाचणीचा इतिहास

१/ रशियाचा युवराज अलेक्सी याला हिमोफिलिया होता, हे इतिहासाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असते. परंतु कोणता हिमोफिलिया? त्याच्या हयातीत हा प्रश्न कोणाला सुचणेही शक्य नव्हते. उत्तर मिळायला २००९ साल उजाडावे लागले. त्या प्रवासाचा हा थ्रेड.

२/ फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन ऑटो यांनी १८०३ मध्ये एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. तेथे रक्तस्राव पुरुषांना होई. पण आजार पुढच्या पिढीत जाई तो निरोगी स्त्रियांमार्फत. या आजाराला पुढे ‘हिमोफिलिया’ हे नाव रूढ झाले. राणी व्हिक्टोरियाचा पुत्र लिओपोल्ड याच आजारामुळे १८८४ मध्ये दगावला. अलेक्सी हा तिचा पणतू.

३/ निदानाची साधने दोनच: घराण्याचा इतिहास आणि काचेची नळी. ली व व्हाइट यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रक्त नळीत घेत, ती अधूनमधून तिरकी करत आणि रक्त वाहायचे केव्हा थांबते ते घड्याळात पाहत. रक्त उशिरा गोठते एवढे यातून कळे. का, ते कळत नसे.

४/ कलाटणी मिळाली ब्यूनस आयर्समध्ये. अल्फ्रेडो पाव्लोव्स्की यांनी १९४७ मध्ये एक चमत्कारिक निरीक्षण नोंदवले. हिमोफिलियाच्या एका रुग्णाचे रक्त दुसऱ्या रुग्णाच्या रक्तात मिसळले, तर काही वेळा ते मिश्रण व्यवस्थित गोठे!

५/ यामागचा तर्क साधा आहे. दोघांच्या रक्तात एकाच घटकाची उणीव असती, तर मिश्रणातही ती राहिली असती. मिश्रण गोठले, याचा अर्थ एकाकडे नसलेले दुसऱ्याकडे होते. म्हणजे एका नावाखाली दोन आजार नांदत होते.

६/ पुढचा टप्पा १९५२, ऑक्सफर्ड. स्टीफन ख्रिसमस नावाच्या लहान मुलाच्या रक्तात हिमोफिलियाशी जोडलेला नेहमीचा घटक (आज आपण त्याला आठवा म्हणतो) शाबूत होता. उणीव होती ती वेगळ्याच, म्हणजे नवव्या घटकाची. रोझमेरी बिग्ज, मॅकफार्लेन व सहकाऱ्यांनी या आजाराला त्या मुलाचेच आडनाव दिले: ‘ख्रिसमस डिसीज’. तो लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळातल्या अंकात छापून आला. आज हाच हिमोफिलिया बी.

७/ हा केवळ नावाचा वाद नव्हता. १९६० च्या दशकात ज्युडिथ पूल यांनी गोठवलेल्या प्लाझ्मापासून क्रायोप्रेसिपिटेट मिळवले. त्यात आठवा घटक भरपूर असतो, नववा जवळजवळ नसतोच. चाचणीविना ते ‘बी’च्या रुग्णाला दिले असते, तर औषध देऊनही रक्तस्राव थांबला नसता.

८/ मिसळण्याची ती युक्ती आजही प्रयोगशाळेत आहे. रक्त उशिरा गोठत असेल तर रुग्णाच्या प्लाझ्मात निरोगी प्लाझ्मा समप्रमाणात मिसळतात. वेळ पूर्ववत झाली तर घटकाची उणीव आहे, उदाहरणार्थ जन्मजात हिमोफिलिया. वेळ लांबलेलीच राहिली तर रक्तात घटकाला निकामी करणारे काहीतरी आहे, बहुधा शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडे. असा आजार उतारवयात किंवा बाळंतपणानंतरही जडू शकतो. आठव्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे सावकाश काम करतात; म्हणून मिश्रण ३७ अंश सेल्सिअसला सुमारे दोन तास ठेवून पुन्हा तपासतात.

९/ आता अलेक्सीकडे वळू. १९१८ मध्ये झारच्या कुटुंबाची हत्या झाली. दोन मुलांचे अवशेष सापडले ते थेट २००७ मध्ये, येकातेरिनबुर्गजवळ. त्यांतील डीएनए तपासून रोगाएव्ह व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की दोष नवव्या घटकाच्या जनुकात होता. ‘राजघराण्याचा आजार’ म्हणजे ख्रिसमस डिसीजच!

१०/ स्वतः स्टीफन ख्रिसमस १९९३ मध्ये एड्सने गेले. ज्या रक्तोत्पादनांवर ते जगत होते, त्यांतूनच तो संसर्ग आला होता. रक्तात काय कमी आहे हे चाचणीने अचूक सांगितले होते. दिल्या जाणाऱ्या रक्तात काय जास्तीचे आहे, हे तपासणारी चाचणी मात्र त्यांच्यासाठी उशिरा आली.

११/ जुन्या कागदपत्रांत एखाद्या रोगाचे नाव दिसले की ते आजच्या अर्थाने वाचण्याचा मोह होतो. त्या वेळी कोणती चाचणी उपलब्ध होती, हे आधी पाहावे. १९४७ पूर्वीच्या नोंदीतला ‘हिमोफिलिया’ म्हणजे ‘ए’ की ‘बी’, हे केवळ त्या नोंदीवरून सांगता येत नाही. (समाप्त)