क्रिस पेरी आणि लोर्ना : एका जोडीच्या गीतांचे फेरमूल्यमापन

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर हे ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आधाराने वाढलेले गाव. नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे शेजारी शेजारी नांदतात, आणि प्रत्येक घर आपली गाणी बरोबर घेऊन येते. अशाच एका गोवेकर घरी लग्नाच्या रौप्यमहोत्सवात 'बेबदो' हे कोंकणी गीत लागले. वृद्धांचे पाय ठेका धरू लागले. एका तरुणाने विचारले, "फादर, हे त्या सिनेमातलं ना?" आम्ही 'हो' म्हणालो खरे, परंतु घरी परतताना ते उत्तर अपुरे होते याची जाणीव आम्हांस झाली. हा लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई होय.

तो सिनेमा म्हणजे बार्द्रॉय बार्रेतो यांचा 'नाचुया कुंपासार'. सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला. क्रिस पेरी यांची जुनी गीते त्यात नव्याने ध्वनिमुद्रित केली आहेत. मूळ गीते मात्र साठ-सत्तरच्या दशकांतील. ट्रम्पेट व सॅक्सोफोन वाजविणारे, गीते रचणारे आणि त्यांना चाली देणारे क्रिस पेरी यांचा जन्म १९२८ साली मडगाव येथे झाला. लोर्ना कोर्देरो या त्यांच्या वाद्यवृंदाच्या गायिका. मुंबईत चर्चगेट परिसरातील हॉटेलांतून रात्री जॅझ वाजवायचे आणि त्याच जॅझच्या साजात कोंकणी गीते ध्वनिमुद्रित करायची, असा त्या वाद्यवृंदाचा क्रम होता.

हे जॅझ गोमंतकीयांच्या हाती आले कोठून? त्याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या अंगणात सापडते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांना जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत. मेस्त, म्हणजे चर्चचा संगीतशिक्षक, व्हायोलिन हाती देई आणि मिस्सेतील गायनही बसवून घेई. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या तरुणांजवळ हीच विद्या होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हिंदी चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक व संगीत-संयोजक झाले. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचेच शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव देशभर गाजले, पण ते खऱ्या माणसाचे नाव आहे हे किती जणांना ठाऊक होते? क्रिस पेरी याच परंपरेचे वारसदार. फरक इतकाच, की त्यांनी आपली विद्या आपल्या मातृभाषेच्या सेवेस लावली.

त्या काळाचाही विचार करावयास हवा. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल होऊन गोवेकरांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद घरोघर पेटला होता. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत कोंकणीचा समावेश झाला तो १९९२ साली. त्याआधीच्या त्या वादळी वर्षांत ही गीते तबकडीवरून घरांत शिरली. दारुड्या, वेडा, समुद्रकिनारा, नाच, विरह हे त्यांचे विषय. विषय हलके वाटतील. पण आपल्या भाषेत आधुनिक जगाचा ठेका धरता येतो, हा आत्मविश्वास त्यांनी दिला.

अशी दुसरी जोडी अमेरिकेतही होती. जॅन आणि डीन या तरुणांचे 'सर्फ सिटी' हे समुद्रावरील मौजेचे गीत १९६३ साली तेथे लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९६६ साली मोटार अपघातात जॅन बेरी गंभीर जखमी झाला आणि जोडीची वाटचाल थांबली. १९७८ साली त्यांच्या जीवनावर दूरचित्रपट निघाला व श्रोते परतले. पुढे चाहत्यांनी त्या तबकड्या पुन्हा लक्षपूर्वक ऐकल्या, तेव्हा पोरखेळ समजल्या गेलेल्या गाण्यांमागे जॅनचे कसून केलेले वाद्यसंयोजन त्यांच्या ध्यानी आले.

आमच्या जोडीबाबतही असेच घडले आहे, पण एक धोका शिल्लक आहे. सत्तरच्या दशकात लोर्नाबाईंचा आवाज लोपला. १९९५ साली रॉनी मॉन्सेराते यांच्या पुढाकाराने 'हॅलो लोर्ना' हा संग्रह निघाला, तेव्हा तो पुन्हा ऐकू आला. क्रिस पेरी २००२ साली निवर्तले. मधल्या मौनाच्या वर्षांभोवती लोकांनी कथा विणल्या. कोणी त्यात प्रेमकथा पाहिली, कोणी अन्याय. धन्याने सोपविलेले धन मातीत पुरणाऱ्या चाकराचा दाखला आपण जाणतो. येथे ते धन कोणी पुरले, याचा निवाडा आम्ही करीत नाही. दुसऱ्याच्या अंतःकरणाचे न्यायाधीश होण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण एक समर्थ गायिका ऐन उमेदीची वर्षे गाऊ शकली नाही, ही हानी खरी आहे आणि तिला प्रेमकथेचा सुंदर साज चढवून ती भरून निघत नाही.

आम्ही स्वतः एकेकाळी ही गीते नाचघरातील करमणूक म्हणून बाजूस सारली होती. तो आमचा उतावीळपणा होता. आज चाहते ती हरवलेल्या प्रेमाची खूण म्हणून ऐकतात. तोही एक उतावीळपणाच. दोन्ही वेळा गीत बाजूस राहते आणि आपले मत तेवढे ऐकू येते. मूळ ध्वनिमुद्रण कान देऊन ऐकावे. ट्रम्पेट आवाजाला वाट करून देते, आवाज ट्रम्पेटला उत्तर देतो, आणि मागे नाव नसलेले अनेक वादक आपापली जागा चोख सांभाळतात. ही शिस्त एका रात्रीत येत नाही. ती कोणा मेस्ताच्या छडीखाली, चर्चच्या ओसरीवर रुजलेली असते.

म्हणून आमची विनंती साधी आहे. घरातील वडीलधाऱ्यांजवळ जुन्या तबकड्या असतील तर त्या टाकून देऊ नका. त्यांवर कोणाची नावे आहेत ती वाचा. ज्यांची नाहीत त्यांविषयी आजी-आजोबांना विचारा आणि लिहून ठेवा. आणि आपल्या धर्मग्रामातील गायनवृंदाच्या मुलांना स्वरलिपी शिकवा. रौप्यमहोत्सवातील त्या तरुणाला आम्ही पुढच्या रविवारी मिस्सेनंतर बोलावले आहे. यजमानांच्या घरून मूळ तबकडी मिळाली आहे. आधी ती दोघांनी मिळून ऐकावयाची, मग त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे, असे आम्ही ठरविले आहे.