उन्हाळी सुट्टीने घडवलेला लेखक : मेइजी जपानमधील एका इंग्रजी शिक्षकाची गोष्ट (थ्रेड)

एप्रिल १८९०. योकोहामा बंदरात एक पत्रकार उतरला. वय चाळिशीला टेकलेले, डावा डोळा शाळकरी वयातच गेलेला, उजवा अतिशय अधू. न्यूयॉर्कच्या हार्पर प्रकाशनसंस्थेसाठी जपानविषयी लेख लिहावेत, असा बेत होता. परंतु सोबत आलेल्या चित्रकाराला आपल्यापेक्षा अधिक मोबदला मिळणार आहे हे कळताच त्याने संस्थेशी संबंध तोडले. परका देश, भाषेचा गंध नाही आणि हाती काम नाही.

या पत्रकाराचे नाव लॅफ्काडिओ हर्न. जन्म १८५० मध्ये ग्रीसजवळच्या लेफ्काडा बेटावर. आई ग्रीक, वडील ब्रिटिश सैन्यातील आयरिश शल्यवैद्य. बालपण आयर्लंडमध्ये, उमेदीची वर्षे सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिन्सच्या वृत्तपत्रांत. विकण्याजोगी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती : इंग्रजी भाषा. आणि त्या काळच्या जपानमध्ये तिला गिऱ्हाईक होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६८ नंतरच्या मेइजी राजवटीने आधुनिक विद्या शिकण्यासाठी परदेशी तज्ज्ञांना पगारी नोकरीवर आणले. त्यांना ‘ओयातोई’ म्हणत. अभियंते, डॉक्टर, कायदेपंडित, टांकसाळीचे जाणकार, शिक्षक; सगळे करारावर. पगार डोळे दिपवणारे. ओसाकाच्या टांकसाळीचा इंग्रज प्रमुख थॉमस किंडर याला दरमहा १०४५ येन मिळत आणि त्याच सुमारास शासनाच्या सर्वोच्च मंत्र्याचे वेतन ८०० येन होते! अर्थात हा उदारपणा हिशेबी होता. परदेशी माणसाकडून विद्या घ्यायची, आपली मुले परदेशी पाठवून तयार करायची आणि मग त्या खुर्चीत आपला माणूस बसवायचा. ओयातोईंची नोकरी जन्मतःच अल्पायुषी होती. हर्न जपानमध्ये आले तेव्हा अभियंत्यांची ही लाट ओसरली होती. इंग्रजीच्या शिक्षकांची मागणी मात्र टिकून होती, कारण १८८६च्या शिक्षणसुधारणांनी माध्यमिक शाळांत इंग्रजीला महत्त्वाचे स्थान दिले होते.

या नोकरीचे दुसरे मोल पगारापेक्षाही मोठे होते. तत्कालीन तहांनुसार परदेशी नागरिकांनी योकोहामा, कोबे, नागासाकी अशा खुल्या बंदरांतच राहावयाचे. बंदरापासून दहा री, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरपलीकडे जाण्यास परवाना लागे. ही बंधने १८९९ पर्यंत टिकली. एखाद्या जपानी संस्थेने नोकरीवर ठेवले, तर मात्र देशाच्या अंतर्भागात घर करून राहता येई. पर्यटकाला जे दार दुरून दिसे, ते शाळामास्तरासाठी उघडे होते.

हर्न यांनी ओळखी वापरल्या. तोक्यो विद्यापीठातील प्राध्यापक बेसिल हॉल चेंबरलेन यांना पत्र लिहिले. शिक्षण खात्यातील अधिकारी हात्तोरी इचिझो यांची भेट तर काही वर्षांपूर्वी न्यू ऑर्लिन्सच्या जागतिक प्रदर्शनातच झाली होती. तेथील जपानी दालनाविषयी हर्न यांनी लेख लिहिले होते. पत्रकारितेतली ती ओळख अशी कामी आली. पश्चिम किनाऱ्यालगतच्या मात्सुए गावी माध्यमिक शाळा आणि अध्यापक विद्यालय अशा दोन ठिकाणी शिकवण्याचा एक वर्षाचा करार झाला. वेतन दरमहा १०० येन.

जिनरिकिशाने डोंगररांग ओलांडून आणि शेवटचा टप्पा बोटीने कापून ऑगस्टअखेर ते मात्सुएला पोचले. सप्टेंबरच्या आरंभी वर्गात उभे राहिले. मुलांना त्यांची भाषा जेमतेम कळे आणि त्यांना मुलांची अजिबात नाही. या दरीवर पूल बांधला तो शाळेतील इंग्रजीचे जपानी शिक्षक निशिदा सेन्तारो यांनी. कारभाराची रीत, वरिष्ठांशी बोलणे, घर शोधणे, सणावारांचे अर्थ, सगळीकडे निशिदा. परदेशी शिक्षकांच्या आठवणींत असा सहकारी बहुधा तळटीपेत जातो. हर्न यांनी त्यांच्याविषयी भरभरून लिहिले, ही त्यांची सभ्यता.

वर्गातील त्यांची एक युक्ती पाहण्यासारखी आहे. ते मुलांना इंग्रजीत निबंध लिहायला लावत. विषय रोजच्या जगण्यातले. डासांवर एक, तर माणसाच्या स्मरणात सर्वांत जास्त काळ काय राहते, यावर दुसरा. व्याकरण सुधारता सुधारता मुले घरातले मृत्यू, देवदेवता, ऋतू यांविषयी सांगू लागली. शिक्षक शिकवत होता आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांतून स्वतः जपान शिकत होता. पुढे या अनुभवांतून ‘एका इंग्रजी शिक्षकाच्या रोजनिशीतून’ अशा अर्थाच्या मथळ्याचे प्रकरण उभे राहिले.

मात्सुएतच त्यांचा विवाह एका विपन्न सामुराई घराण्यातील कोइझुमी सेत्सु यांच्याशी झाला. ते किल्ल्याजवळच्या जुन्या सामुराई घरात राहू लागले. परंतु मात्सुएचा हिवाळा सोसेना आणि सेत्सुंच्या नातलगांचा भारही खांद्यावर आलेला. नोव्हेंबर १८९१ मध्ये ते क्यूशू बेटावरील कुमामोतोच्या पाचव्या उच्च माध्यमिक विद्यालयात रुजू झाले. वेतन एकदम दुप्पट, २०० येन. मुख्याध्यापक होते ज्युदोचे जनक कानो जिगोरो!

कुमामोतो त्यांना आवडले नाही. १८७७च्या बंडात होरपळून पुन्हा उभारलेले ते लष्करी छावणीचे शहर. मात्सुएची जुनी शोभा तेथे नव्हती. सहकाऱ्यांत जवळीक नव्हती. चिनी अभिजात ग्रंथ शिकवणारे आइझू प्रांताचे वृद्ध सामुराई अकिझुकी यांच्याविषयी मात्र हर्न यांच्या मनात जवळजवळ देवभक्ती होती. एरवी मधल्या वेळेत ते शाळेमागच्या टेकडीवरील जुन्या स्मशानात, एका दगडी बुद्धापाशी जाऊन बसत. त्यावरही त्यांनी लिहिलेच.

मग ते तेथे तीन वर्षे का टिकले? पगार हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर सुट्ट्यांत आहे.

जुलै ते सप्टेंबर अशी जवळजवळ दोन महिन्यांची उन्हाळी सुट्टी असे. १८९१च्या सुट्टीत हर्न यांनी इझुमोचे प्राचीन देवस्थान पुन्हा पाहिले आणि किनाऱ्याकाठची गावे पालथी घातली. १८९२च्या सुट्टीत सेत्सुंसह कोबे, क्योतो, नारा करून ते थेट जपानच्या समुद्रातील ओकी बेटांवर पोचले. पाश्चात्त्य प्रवासी तिकडे क्वचितच फिरकत. १८९३ मध्ये नागासाकीच्या उकाड्याला कंटाळून ते तडक परतीला लागले आणि वाटेतल्या एका खानावळीच्या नावावरून त्यांना उराशिमा या कोळ्याची लोककथा सुचली. तो लेख त्यांच्या उत्तम लेखांपैकी एक. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा दोन खंडांचा जपानविषयक ग्रंथ पाहावा. वर्गाने त्याला माणसे दिली, सुट्टीने भूगोल दिला. वृत्तपत्राच्या नोकरीत हे जमणारे नव्हते. त्याच वर्षी कुमामोतो सोडून त्यांनी कोबेच्या एका इंग्रजी दैनिकात काम धरले, तेव्हा काही महिन्यांतच डोळ्यांनी असहकार पुकारला आणि तेही सुटले.

(जाता जाता एक पुणेरी धागा. हर्न यांना बौद्ध विचाराकडे ओढणाऱ्या वाचनात एडविन आर्नल्ड यांचे बुद्धचरित्रपर दीर्घकाव्य होते. हेच आर्नल्ड १८५७च्या उठावाच्या काळात पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आणि हर्न जपानमध्ये उतरले तेव्हा तेही तोक्योत मुक्कामाला होते.)

यानंतर या कथेला वेगळे वळण लागते. १८९३ मध्ये पहिला मुलगा झाला होता. आपण ब्रिटिश नागरिक म्हणून मेलो, तर पत्नी आणि मुलाच्या वारशाचे काय, हा प्रश्न हर्न यांना छळत होता. १८९६ मध्ये ते सेत्सुंच्या कुटुंबात दत्तक जाऊन जपानी नागरिक झाले. नवे नाव कोइझुमी याकुमो. त्याच वर्षी तोक्योच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली, दरमहा ४०० येनांवर. विसंगती लक्षात घ्यावी : कागदोपत्री जपानी, वेतनश्रेणी परदेशी माणसाची.

विद्यापीठाच्या वर्षांतही उन्हाळा त्यांचा स्वतःचा होता. १८९७ मध्ये ते फुजी पर्वत चढले. त्याच वर्षापासून बहुतेक सुट्ट्या शिझुओका किनाऱ्यावरील याइझु या कोळ्यांच्या गावी गेल्या. यामागुची ओतोकिची नावाच्या मासेविक्रेत्याच्या घरी खाली दुकान, वर पाहुण्यांची खोली. हर्न पट्टीचे पोहणारे. दिवसदिवस समुद्रात असत. एरवी सेत्सु त्यांना जुन्या भुताखेतांच्या कथा सांगत. पुस्तकातून वाचून दाखवू नको, स्वतःच्या शब्दांत सांग, असा त्यांचा आग्रह असे. ‘क्वाइदान’ हा प्रसिद्ध संग्रह या सांगण्यातूनही आला.

दरम्यान ओयातोई पद्धतीचा हिशेब पूर्ण होत आला होता. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण नात्सुमे सोसेकी. तोक्यो विद्यापीठात इंग्रजी शिकलेले सोसेकी १८९५ मध्ये मात्सुयामाच्या माध्यमिक शाळेत लागले, परदेशी शिक्षकाच्या रिकाम्या झालेल्या जागी. म्हणून त्यांना ८० येन मिळाले. मुख्याध्यापकांना ६० होते. पुढच्या वर्षी ते कुमामोतोला गेले. हर्न यांचेच विद्यालय, तोच विषय, वेतन १०० येन. म्हणजे हर्न यांच्या बरोबर निम्मे. १९०० मध्ये सरकारने सोसेकींना इंग्लंडला पाठवले.

हर्न यांनी विद्यापीठाकडे दीर्घ रजा मागितली होती. इतकी वर्षे सेवा केलेल्या परदेशी अध्यापकाला अशी रजा मिळावी, असे त्यांचे म्हणणे. थोरल्या मुलाला अमेरिका दाखवायची इच्छा होती. रजा नाकारली गेली. जानेवारी १९०३ मध्ये पत्र आले : मार्चअखेर करार संपतो, नूतनीकरण नाही. विद्यार्थ्यांनी निषेध केला. मग कमी तास आणि कमी पगाराचा प्रस्ताव पुढे आला. हर्न यांनी तो झिडकारला. वेतन मागताना परदेशी आणि रजा मागताना जपानी, अशी त्यांची कोंडी झाली. विद्यापीठाच्या बाजूनेही न्याय्य बोलायचे, तर जपानी विद्वान तयार असताना परदेशी वेतनश्रेणी चालू ठेवण्याचे कारण उरले नव्हते. व्यवस्था ठरल्याप्रमाणे वागली. परंतु ज्याने या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याला ती शेवटपर्यंत भाडोत्रीच मानत राहिली.

त्यांच्या जागी आलेल्या अध्यापकांत लंडनहून परतलेले सोसेकी होते. त्यांनाही ते सुखाचे गेले नाही. हर्न यांची काव्यमय व्याख्याने ऐकलेल्या विद्यार्थ्यांना सोसेकींचे विश्लेषण रुक्ष वाटले. चारच वर्षांत सोसेकींनी विद्यापीठ सोडले आणि ते पूर्णवेळ कादंबरीकार झाले. मात्सुयामाच्या शाळेवर बेतलेली त्यांची ‘बोच्चान’ (१९०६) जपानी मुले आजही वाचतात.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात व्याख्याने देण्याचा हर्न यांचा बेतही तेथील विषमज्वराच्या साथीमुळे फसला. त्या व्याख्यानांच्या तयारीतून जपानच्या समाजाचा आणि धर्मविचाराचा वेध घेणारे त्यांचे अखेरचे मोठे पुस्तक झाले. १९०४ मध्ये वासेदा विद्यापीठाने त्यांना बोलावले. त्या ऑगस्टमध्ये ते मुलांना घेऊन पुन्हा याइझुला गेले. २६ सप्टेंबर १९०४ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, वय ५४.

ओतोकिचींचे ते दुकान-घर पुढे याइझुहून हलवण्यात आले. आइची प्रांतातील इनुयामा येथे मेइजीकालीन इमारती जपणारे ‘मेइजी-मुरा’ हे खुले संग्रहालय आहे. कोइझुमी याकुमोंचे सुट्टीचे घर म्हणून ते तेथे आजही पाहता येते.